दगड हलणार न्हाई

बिरादारकाका आंघोळ उघड्यावर करायचे, आणि तीही सगळी गल्ली जागी असताना. परसात हातभर कडुलिंबाच्या रोपाशेजारी बसून डोक्यावर तांब्या ओतायचे. साबण झाडाला बाधेल म्हणून तोही सोडला होता. कुणी पाहिलंच तर ओरडायचे, "बघून काय राहिलात? मी आंघोळ करून राहिलो, ते पाणी पिऊन राहिलं. तुमचं काय जाऊन राहिलं?"

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या, पाऊस तेवढा यायचा राहिला. टँकरमागे माणशी दोन घागरी पाणी. त्यात या गृहस्थाने झाड लावलं म्हणून गल्ली भडकली होती. समजूत घालायला भिंतीला भिंत असलेला शेजारी म्हणून मला पुढे केलं. काका म्हणाले, "माझ्या वाट्याचं पाणी हाय. मी अंग धुवीन न्हाई तर लिंब." मी आल्या पावली परत आलो.

झाडाचं कारण सगळ्यांना माहीत होतं. परसात भांडी घासायचा दगड, त्यावर दुपारभर ऊन. एका उन्हाळ्यात काकूंचं डोकं तापलं. "मागं सावली पडली की कळवा, येते," एवढं बोलून त्या लेकीकडे धर्माबादला निघून गेल्या.

"गेली तर गेली," काका म्हणायचे. "झाड मी माझ्या टकलासाठी लावून राहिलो."

त्या टकलासाठी झाड निवडताना त्यांनी सारं लातूर पालथं घातलं होतं. बारा ते तीन, तिपाई घेऊन एकेका झाडाखाली बसायचे. निलगिरी? "उंची साहेबाची, सावली काडीची." बदाम? "पानं झाडून कंबर जाईल." वड? "एवढ्याशा परसात वड लावला तर आम्ही राहायचं कुठं?" कुणी करंज सुचवला, तर एसटीने मुरूडला जाऊन तिथल्या करंजाखाली तिपाई टाकून आले. शेवटी लिंब ठरला. "कडू हाय, पण दुष्काळाला भीत न्हाई."

काका निवृत्त मोजणीदार. जन्मभर शेतांच्या हद्दी मोजल्या आणि बांध कोरणाऱ्यांना एकच दम भरला, "दगड हलणार न्हाई!" पुढे ते वाक्य घरातही लागू झालं. खाट खिडकीशी घ्यायची? दगड हलणार न्हाई. जेवण अर्धा तास उशिरा? दगड हलणार न्हाई. लिंबाची जागाही त्यांनी टेप धरून ठरवली. झाड मोठं झालं की दुपारची सावली नेमकी भांड्याच्या दगडावर यावी, म्हणून रोप चार हात लांब.

दर महिन्याला ते धर्माबादचं एक पोस्टकार्ड पेटीत टाकायला माझ्याकडे द्यायचे. उघडं कार्ड, मी वाचायचो. 'दुपारी तीन. सावली दीड वीत. दगड अजून लांब. बाकी ठीक.' आणि म्हणे टकलासाठी!

पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी काकू पिशवी घेऊन दारात उभ्या. काका गडबडले. "अजून न्हाई झाली सावली! मी कळवलं कुठं?"

काकू थेट परसात गेल्या. कमरेएवढं झाड पाहिलं, दगड पाहिला. "वरीसभर झाडाला दगडापर्यंत चालत बोलावून राहिलात. दगड सरकवाया काय झालं होतं?"

मी बुटक्या भिंतीपलीकडे होतो. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. पण घरातली खाट न हलवलेला तो माणूस ओणवा झाला आणि धापा टाकत दगड ढकलत लिंबाशी घेऊन आला. काकू त्यावर बसल्या. लिंबाच्या सावलीत त्यांचे पाय तेवढे मावले. मग काका उन्हाला पाठ देऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि उरलेल्या काकूंवर काकांची सावली पडली.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

"आता हलू नका," काकू म्हणाल्या आणि भांडी पुढे ओढली.