हद्दीतलं बटण

"काका, आत्ता कुठे आहात?"

प्रत्येक ऑनलाइन सेशनआधी यामिनी हे विचारायचीच. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पक्षाघातानं रुसलेल्या हातांना रोजची कामं पुन्हा शिकवायची. लायसन्स मात्र न्यूजर्सीचं, म्हणजे पेशंटही न्यूजर्सीतच हवा. एकाचं लायसन्स दुसरीकडे चालावं म्हणून काही राज्यांनी करार केला होता म्हणे. पण त्यातली परवानगी यामिनीच्या हाती अजून पडायची होती.

"न्यूजर्सीतच की! गाडीत," मनोहरकाका मागच्या सीटवरून म्हणाले. शुभाकाकू गाडी चालवत होत्या. नातवाचं बारसं होतं.

काकांनी आज उजव्या हातानं शर्टाचं एक बटण लावलं, तरच इन्शुरन्स पुढची सेशन्स देणार होता. रिपोर्ट बाराच्या आत. सव्वाअकरा झाले तरी बटण अर्धं काजात शिरायचं आणि निसटायचं. एवढंसं बटण, पण हट्ट केवढा! इकडे यामिनी सारखी घड्याळ बघत होती.

तेवढ्यात काकांमागच्या खिडकीत लोखंडी खांब पळू लागले.

"काकू, हा पूल कसला?"

"डेलावेअर नदीचा. पलीकडे पेनसिल्व्हेनिया, लेक तिथेच राहते ना!"

"अहो, थांबा! माझं लायसन्स जाईल!"

"पुलावर थांबले तर माझं जाईल!"

"मग सेशन संपलं! काका, सोडा ते बटण!"

काकांनी सुस्कारा टाकला, नदीकडे बघत बोटं सहज हलवली आणि बटण लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा! आणि लागलं ते पेनसिल्व्हेनियाच्या पाटीपलीकडे.

"लिहून टाक न्यूजर्सी. दोन मिनिटांचा तर फरक," काकू म्हणाल्या.

"खोटं नाही लिहिणार, काकू."

"हद्द झाली बाई तुझी!" काकूंनी तणतणत पुढच्या एक्झिटवरून गाडी मागे वळवली.

न्यूजर्सीतल्या पहिल्याच पार्किंगमध्ये काकूंनी ते बटण काढलं. काकांनी ओठ चावत पुन्हा हात घातला. निसटलं. पुन्हा निसटलं. अकरा त्रेपन्न. काकांचे डोळे भरून आले.

"नाही जमत गं. माझ्यापायी बारसंही लांबलं."

यामिनीला फार वाईट वाटलं. मग एकदम पूल आठवला. तिथे बटण नेमकं कधी लागलं होतं?

"जाऊ द्या काका, संपलं सेशन. नाव काय ठेवताय नातवाचं?"

"अगं, त्यावरूनच तर रामायण चाललंय! लेक म्हणते नकुल, जावई म्हणतो शिव. मी म्हटलं, दोन्ही ठेवा, पण जेवायला वाढा..."

बोलता बोलता बटण काजात जाऊन बसलं.

"लागलं! न्यूजर्सी, अकरा सत्तावन्न!" यामिनीनं रिपोर्ट पाठवूनही टाकला.

काका आधी बटणाकडे बघत राहिले, मग त्यांनी स्क्रीनकडे डोळे वटारले. "म्हणजे सेशन चालूच होतं? आणि मघाशी कोण म्हणत होतं, खोटं नाही म्हणून?"

"बोलले खोटं, काका," यामिनी डोळे पुसत हसली. "पण हद्दीत राहून."