पाहुण्या झाडाचं पाणी

दुष्काळाचा अभ्यास करण्यासाठी आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन आबाराव काश्मीरला जाऊन आले. येताना त्यांनी आयरिस नावाच्या निळ्या फुलाचे गड्डे आणले आणि सोसायटीच्या दारात हातभर खोल पुरले. ठराव झाला की, सदर झाडास फूल येताच गावाची प्रगती झाली असे समजण्यात यावे.

फूल येईना. पानं पिवळी पडली.

परंड्याहून टँकर यायचा, त्यावर गाव जगत होतं. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायचा माझा नेम मी पळीवर आणला होता. देवाला अडचण कळते. आबारावांना कळेना. त्यांनी आम्हा नेमधर्माच्या बायकांना बोलावून घेतलं.

"नेमाचं पाणी इथं घाला. तुळस घरचीच हाय, समजून घील. ह्यो पाव्हना हाय."

"पर आबा, ह्या झाडाचा देव कोन्ता?" बनाबाईनं विचारलं.

"सहकार."

आमच्यातल्या थोरल्या धुरपदाबाईंनी झाडाला कुंकू लावलं. कुंकू लागल्यावर नेम मोडायची कुणाची छाती? एकादशीला दोन-दोन तांबे पडू लागले. झाडाखाली चिखल झाला. दुष्काळ पडल्यापासून गावानं चिखल पाहिला नव्हता. म्हशी येऊन दर्शन घेऊन जायच्या.

झाड आडवं झालं, तेव्हा बागायतीचे साहेब जीप घेऊन आले. त्यांनी गड्डा उपटला, दाबला, हुंगला आणि नाक धरलं.

"कुजलाय. पाणी जास्त झालंय, आणि पुरलायही खोल. कुजकं कापून टाका. चांगला गड्डा मातीत वरच लावा, पाठीला ऊन लागू द्या. आणि पाणी तोडा."

आम्ही सांगितल्याप्रमाणे गड्डा पुन्हा लावला. साहेबांचं निदान अगदी बरोबर होतं. तेच त्यांनी वर कळवलं. तालुक्यानं ते वाचलं आणि टँकर बंद केला.

आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो.

"ज्या गावात झाडं पाण्यानं कुजतात, त्या गावाला टँकर देता येत नाही," तिथले भाऊसाहेब म्हणाले.

"आवो, झाड काश्मीरचं हाय!" आबाराव कळवळले.

"कुजलं तुमच्या हद्दीत."

मी पिशवीतून माझी वाळलेली तुळस काढून टेबलावर ठेवली. भाऊसाहेबांनी आधी तिला नमस्कार केला.

"बाई, ही धार्मिक बाब झाली. तेच झाड पाण्याविना वाळलेलं दाखवा, टँकर चालू करतो. उपटलेलं चालणार नाही. नैसर्गिक मरण पाहिजे."

त्या दिवसापासून सगळं गाव झाडाच्या मरणाकडं डोळे लावून बसलं. थेंबभर पाणी कुणी घातलं नाही. आम्ही बायका सोनारीच्या भैरवनाथाला हात जोडून आलो. दुसऱ्याचं मरण मागायची सवय नव्हती, म्हणून हळू आवाजात मागितलं.

गड्डा वर होता, ऊन भरपूर होतं, पाणी तुटलेलं होतं. शिमग्याला झाड फुललं.

"काय बाई मेलं देखनं हाय!" बनाबाई म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली.

बागायतीचे साहेब पुन्हा आले, फोटो काढले. 'पाण्याविना भरभराट' म्हणून आमचं गाव आदर्श ठरलं, आणि आदर्श गावाला टँकर लागत नाही.

आता लांबलांबून माणसं फूल बघायला येतात. तुम्हीही अवश्य या. फूल बघून झालं की सगळे पाहुणे आमच्या ओसरीवर टेकतात, गावाचं कौतुक करतात आणि प्यायला पाणी मागतात. तुम्ही कौतुक तेवढं करा.