आडदरीच्या तलावावर एकशे त्रेचाळीस चिंध्या

भुजंगरावांच्या दारावर पाटी होती : 'भुजंगराव, गुप्तहेर. गुन्हा घडल्यावर आणि घडण्याआधी.' गुप्त माणसानं दारावर पाटी कशाला लावावी, असं राजूरमध्ये एकदोघांनी विचारून पाहिलं. त्यावर भुजंगरावांचं उत्तर तयार असे.

"जालन्याला बियाण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं चाळणीवर काढली मी. लाख दाण्यातला एक बाद दाणा ह्या डोळ्यानं येचलाय. मंग माणसातला बाद दाणा मला वळखू येणार न्हाई व्हय? अशी नजर, त्यात अशी बुद्धी. हे दोन्ही लपवून ठेवलं तर जिल्ह्याचं नुकसान हाय."

पाटीच्या खाली बारीक अक्षरात 'सहायक : तौफिक' असंही लिहिलेलं होतं. तौफिकला हे तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्याचं सायकलचं दुकान. भुजंगरावांच्या सायकलचा ब्रेक दिवसाआड बिघडायचा, ते दुकानात ठाण मांडून बसायचे, आणि बसता बसता त्यांनी तौफिकला सहायक करून टाकलं. तौफिकनं वाद घातला नाही. वाद घातला की भुजंगराव आणखी एक तास बसत.

राजूरच्या पुढं डोंगरात आडदरी गाव आहे आणि गावामागं धरणाचा तलाव. तिथल्या साधनाला हिवाळ्यात येणाऱ्या पाखरांचं वेड. दोन वर्षं उन्हातान्हात फिरून तिनं तलावाभोवती एक वाट शोधली होती, थोडी चालायची, थोडी सायकलवरून जायची. येत्या रविवारी जालन्याहून बावीस पाहुणे पाखरं बघायला येणार होते. गावचा सरपंच कल्याण मात्र साशंक. त्यानं साधनाला आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, एक जरी पाव्हणा डोंगरात चुकला, तर ही तलावाची भानगड बंद. तालुक्याला जाब मला द्यावा लागतो."

म्हणून गुरुवारी सायकली पुरवणाऱ्या तौफिकनं आणि साधनानं वाटेवरच्या सत्तावीस झाडांना लाल चिंध्या बांधल्या. चिंधीमागून चिंधी बघत गेलं की आंधळाही धरणाच्या भिंतीवर परत येईल, असा बेत. संध्याकाळी 'गुन्हा घडण्याआधीच्या तपासा'साठी भुजंगराव हजर झाले. प्रत्येक चिंधीखाली आडवं पडून, बियाणं तपासायचं भिंग डोळ्याला लावून, त्यांनी जमिनीवरचे ठसे पाहिले. सत्तावीस झाडं, सत्तावीस वेळा आडवं पडणं, सत्तावीस वेळा तौफिकचा हात धरून उठणं. गवताचे भारे घेऊन घरी चाललेल्या बायका थांबून बघत होत्या. तौफिकनं शरमेनं तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी साधनाचा फोन आला. "तौफिकभाऊ, चिंध्या बावन्न झाल्यात!"

चोरी समजू शकते. पण चोरानं येऊन माल ठेवून जावं, हे राजूर पंचक्रोशीत कधी झालं नव्हतं. भुजंगरावांचे डोळे चमकले.

"परदेशी टोळी," ते तलावावर पोचताच म्हणाले. "ही पाखरं कुठून येत्यात?"

"लांबून. उत्तरेच्या थंड मुलखातून," साधना म्हणाली.

"म्हणजे तिथून पळून आली. आता त्यांना धरून न्यायला माणसं आल्यात. पाव्हणे चुकले की साक्षीदार संपले!"

"काका, चक्रवाकाला धरायला माणूस येवढ्या लांबून कशाला येईल?" तौफिकनं विचारलं.

"हाच प्रश्न पडू न्हाई म्हणून तर ते आले," भुजंगराव म्हणाले.

दुपारी तपास राजूरच्या बाजारात आला. कापड कुठून आलं याचा माग काढायला ते इब्राहीम टेलरच्या दुकानात शिरले.

"लाल कापड बिलकुल खतम," इब्राहीम म्हणाला. "कालपासून आडदरीच्या बायका नेऊन राह्यल्या."

"बायकांचं राहू दे. एखादा काळ्या चष्म्याचा, दाढीवाला, संशयी माणूस आल्ता का?"

"दाढीवाला आपुनच हाय, भुजंगराव."

भुजंगरावांनी वहीत इब्राहीमचं नाव लिहून त्यावर गोल केला. तौफिक काही बोलणार होता, पण त्याला बाहेर ओढून नेण्यात आलं.

शनिवारी चिंध्या एकशे त्रेचाळीस झाल्या. वाटेवर, वाटेबाहेर, डोंगरावर, खाली नाल्यात, एका बाभळीवर तर नऊ. भुजंगरावांनी टोळी रद्द करून रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, संशय घेतला. रोही हरभरा खायला रानात उतरतात, त्यांना पाहुण्यांची गर्दी नको असणार, हे उघड होतं.

"पण काका, रोह्याला गाठ मारता येती का?"

"आपल्यासमोर मारत न्हाई ते."

इतक्यात एका झाडाच्या बुडाशी फोडलेल्या नारळाची वाटी सापडली. टोळीचा नाष्टा, असं म्हणून भुजंगरावांनी तो पुरावा हुंगला, चाखला आणि विचाराच्या भरात संपवला. तौफिकला मात्र आता शंका येऊ लागली होती. साधना भिंतीवर बसून होती. खरी चिंधी कुठली आणि खोटी कुठली, तिलाही ओळखू येत नव्हतं, आणि ती रडत होती. तिची दोन वर्षं वाया जाणार हे दिसत असताना तौफिकला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी सातला पाहुणे आले. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात दुर्बिणी. कल्याण सरपंच भिंतीवर उभा राहून एकेक डोकं मोजत होता. आणि त्याच वेळी चिंचेमागून भुजंगराव ओरडले, "सापडला! गुन्हेगार सापडला!"

सगळे धावले. भुजंगरावांनी आडदरीच्या तुळजाबाईच्या हातातली लाल चिंधी धरली होती आणि तुळजाबाई ती सोडत नव्हती. साठीची, कडेला टोपलं घेतलेली बाई.

"आगं बाई, मला काय धरता? सुरू तर तुमीच केलं!"

"मी?"

"बेस्तरवारी झाडाझाडाला दंडवत घातले न्हाई का तुमी? सत्तावीस झाडं! म्हणलं, येवढा जाडजूड माणूस उगंच थोडाच लोळन. देव जागृत असल. मंग आमीबी नवसाच्या चिंध्या बांधल्या. नारळ फोडला, त्योबी देवानं एका दिवसात खाल्ला!"

भुजंगरावांनी नकळत ओठ पुसले. तौफिक धरणाच्या भिंतीला टेकून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

साधना कात्री घेऊन निघाली, पण तुळजाबाईनं तिला अडवलं. "नवसाची चिंधी सोडत्यात का कुटं? लेकरा, चिंधीला वाट काय इचारतीस, मला इचार. सरपणाला येऊन पाय झिजले माझे हितं."

तिनं हाक मारली तशा आणखी सहा बायका आल्या. पुढं सात बायका, मागं बावीस हेल्मेटं. बायकांनी साधनाच्या वाटेनंच नेलं, पण मधेच एका खडकामागं वळवलं. तिथं तलावाच्या शेवाळलेल्या कोपऱ्यात चक्रवाकांची अख्खी जमात बसली होती, आणि पलीकडच्या बांधावर आठ रोही. साधना दोन वर्षांत तिथं कधी पोचली नव्हती. तिनं तुळजाबाईला सगळ्यांसमोर मिठी मारली.

परत आल्यावर कल्याणनं साधनाला वगळून पुन्हा डोकी मोजली. एकोणतीस.

"गेले बावीस, आले एकोणतीस?" तो गोंधळला. "कमी झाले असते तर वाट बंदच केली असती. वाढले तर काय करायचं, ह्याचा कायदा मला ठावं न्हाई. पण झाडाझाडाला चिंध्या, हे लफडं नको. सध्या बंदच ठेवू."

साधनाचा चेहरा पडला. तेवढ्यात त्या सात बायकांतून एक पुढं आली. कल्याणची आई, केशरबाई.

"बंद? त्या वाटंवर माझी चिंधी हाय. नवस फिटंपत्तुर माणसांची जा-ये राह्यली पायजे. वाट मोडली तर नवस मोडला!"

"कशाचा नवस, आई?"

"तुझ्या लग्नाचा."

पाहुणे हसले. कल्याण सदतीस वर्षांचा होता आणि सोळा ठिकाणांहून नकार आलेला होता, हे आडदरीत पोराटोरांनाही माहीत होतं. तो कानापर्यंत लाल झाला. आईच्या नवसावर पाय द्यायची त्याची छाती नव्हती.

"मंग ऱ्हाऊ द्या चालू," तो पुटपुटला. "नवस फिटंपत्तुर."

भुजंगराव वहीत 'प्रकरण उलगडलं' असं लिहीत होते. साधनाला मात्र धीर धरवेना.

"मावशी," तिनं भीत भीत विचारलं, "म्हणजे वाट अजून किती दिवस चालू राहील?"

केशरबाईनं लेकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, सुस्कारा सोडला आणि साधनाच्या पाठीवर हात ठेवला.

"तू बिनघोर ऱ्हा, पोरी. तुझी लेकरं सायकल शिकतील हितं."