बिनपायऱ्यांचा डेक

सासूबाई चाकाच्या खुर्चीत बसून घरात आल्या त्या दिवशी फेटाळ्यांची टीव्हीसमोरची जागा गेली. तिसऱ्या दिवशी रिमोट गेला. आठवड्याभरात त्यांना स्वतःच्याच घरात पेपर वाचायला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसावं लागलं, आणि तिथेही बायको म्हणायची, "अहो, जरा सरका, डबा काढायचाय."

फेटाळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. विमा कंपनीत बावीस वर्षं ते लोकांच्या नुकसानीची पाहणी करत होते आणि दावे फेटाळत होते, म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. वादळात एकाचं छप्पर उडालं, तर हे शिडीवर चढले, तीन गंजलेले खिळे हातात घेऊन खाली उतरले आणि छपराला मुळात राहायचंच नव्हतं असा अहवाल त्यांनी लिहिला. कंबर दुखते म्हणून भरपाई मागणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी गॅसचं सिलिंडर खांद्यावर नेताना पकडलं होतं. त्या गोष्टीचा त्यांना मुलीच्या लग्नाइतकाच अभिमान होता.

सासूबाईंच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. चालायला लागेपर्यंत लेकीकडे आणि चालायला लागल्या की मुलाकडे, असं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मोकळ्या हवेत सपाट जागेवर रोज थोडं चालवा. महिन्याभरात स्वतःच्या पायांनी मुलाकडे जातील." यातलं शेवटचं वाक्य फेटाळ्यांच्या मनात घर करून बसलं. पण घरामागचं अंगण म्हणजे खड्डे आणि चिखल. म्हणून त्यांनी तीन आठवड्यांची साठलेली रजा टाकली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उंच ओटा, बांधायला घेतला. जावई आईसाठी एवढं करतोय म्हणून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. फेटाळ्यांनी तिचा गैरसमज दूर केला नाही.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुताराला त्यांनी मदतीला घेतलं. सुतार बांधायला काय लागतं ते सांगायचा, आणि फेटाळे मोडतं कसं ते सांगायचे. खांबांना वाळवी लागते, म्हणून सिमेंटचे पाये पुरुषभर खोल गेले. स्क्रू गंजतात, म्हणून न गंजणारे आणले आणि ते कोणी काढू नयेत म्हणून वरून रसायन ओतून त्यांची डोकी बुजवली. कठड्याला आडव्या पट्ट्या लावल्या तर माणूस त्यावर पाय देऊन चढतो आणि पडतो, म्हणून छातीपर्यंत उंच नुसते उभे गज लावले. इथवर सुतार गप्प होता.

फळ्या ठोकायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दोन फळ्यांमध्ये फट ठेवा. लाकूड ओलं झालं की फुगतं."

"फटीत काठीचं टोक अडकतं. असे चौदा दावे माझ्या हातून गेलेत."

"मग पायऱ्या तरी कुठे काढायच्या ते सांगा. जमिनीपासून चांगला अडीच फूट वर आलाय."

"पायऱ्याच नकोत. माणसं सगळ्यात जास्त पडतात ती पायऱ्यांवरून."

सुताराने फेटाळ्यांकडे पाहिलं, हत्यारं पिशवीत भरली आणि तो घरी निघून गेला. उरलेलं काम फेटाळ्यांनी एकट्याने केलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं केलं. डेक दाराच्या उंबऱ्याला असा बरोबर भिडला की खुर्चीला हिसका म्हणून बसू नये. दार बाहेर उघडणारं, त्याच्या आणि फळीच्या मध्ये नखभर जागा उरली होती. तिथून पाणी आत येईल म्हणून त्यांनी दाराला खालून रबराची पट्टी ठोकली. बाजूची भिंत पांढरीशुभ्र रंगवली. मग टिकाऊपणाची परीक्षा म्हणून दोन दिवस, दोन रात्री डेकवर पाण्याचा पाइप सोडून ठेवला. थेंबभरही पाणी फळ्यांमधून खाली गेलं नाही, सगळं कडेने अंगणात ओघळलं. जाणार कुठून, फटच नव्हती.

सासूबाई त्या डेकला स्टेज म्हणायच्या. "एवढं मोठं स्टेज बांधलंय, आता या वयात मी काय नाटक करू त्यावर?" असं त्या खिडकीतून विचारायच्या. पायाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पायात जीवच नाही हो."

शनिवारी सकाळी बायको कामावर गेल्यावर फेटाळ्यांनी त्यांची खुर्ची ढकलत बाहेर आणली. पांघरूण मांडीवर नीट घातलं, काठी हाताशी ठेवली आणि दार किती झोकात बंद होतं हे दाखवायला ते जोरात ढकलून लावलं. रबर फळीवर करकरलं आणि दार घट्ट बसलं. सासूबाईंनी मान डोलावली. मग ते किती सहज उघडतं हे दाखवायला फेटाळ्यांनी कडी धरली, आणि पुढची दहा मिनिटं ते कडीच धरून होते.

फळ्या फुगल्या होत्या. बाजूला सरकायला जागा नाही म्हटल्यावर त्या वर आल्या होत्या आणि दाराला खालून त्यांनी पकडलं होतं. फोन स्वयंपाकघरात, किल्ल्या स्वयंपाकघरात. पुढचं दार कुलूपबंद.

"जरा वर उचलून ओढा," सासूबाई म्हणाल्या. फेटाळ्यांनी उचलून ओढलं. "आता भिंतीला पाय लावून ओढा."

"भिंत परवाच रंगवलीये, आई."

"बरं. मग बसा इथेच. पुढे कोणीतरी येऊन आपल्या सांगाड्यांनाही रंग देऊन जाईल."

राहता राहिला कठडा. मोठी माणसंसुद्धा चढू शकणार नाहीत असा कठडा आपण केलाय, असं ते बायकोला म्हणाले होते, आणि ते अक्षरशः खरं निघालं. गजांवर पाय ठरेना. शेवटी सासूबाईंच्या खुर्चीच्या हातावर एक पाय ठेवून, त्यांच्या डोक्याचा थोडा आधार घेऊन ते वर पोचले. वर पोचल्यावर पोट एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला अशी त्यांची बराच वेळ चर्चा चालली. मग अर्धी चड्डी मागे गजाच्या टोकावर टरकली आणि फेटाळे दोन दिवसांच्या चिखलात उतरले. सासूबाईंनी खाली वाकून पाहिलं आणि लागलं का विचारलं. लागलं नाही म्हटल्यावर त्या पोटभर हसल्या.

एका हाताने चड्डीचं मागचं दार धरून फेटाळे गल्लीतून सुताराकडे गेले. सुतार दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण असताना त्याने सगळी हकिकत शांतपणे ऐकली.

"फट ठेवली होती का?"

"नाही."

त्याने उरलेली अर्धी दाढी केली, तोंड धुतलं, पुसलं. "पायऱ्या?" फेटाळ्यांनी चड्डी दुसऱ्या हाताने धरली. मग सुताराने चहा घेतला, पहार शोधली, करवत शोधली, आणि बुजवलेले स्क्रू कसे निघतील यावर स्वतःशीच दोनदा मान हलवली. फेटाळे दारात येरझारा घालत होते. म्हातारी बाई, चालता येत नाही, उन्हात एकटी, आणि हे सगळं आपल्या हातचं. बायको दुपारी जेवायला घरी येते तेव्हा आई त्या पिंजऱ्यात दिसली, तर या जन्मात आपल्याशी बोलणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

ते परतले तेव्हा तासभर होऊन गेला होता. घराच्या बाजूच्या बोळातून ते मागे आले. सुताराने बोळातलं खोकं कठड्याला लावलं आणि आधी तो आणि मग ढकलत-ओढत फेटाळे डेकवर चढले. सासूबाई होत्या तिथेच, होत्या तशाच खुर्चीत बसल्या होत्या. पांघरूण मांडीवर होतं आणि चेहऱ्यावर कमालीची असहायता होती.

"किती वेळ लावलात," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

सुताराने पहार सरसावली आणि आधी अंदाज घ्यायला म्हणून कडी एका बोटाने ओढली. दार उघडलं. त्याने ते लावलं, पुन्हा ओढलं, ते पुन्हा उघडलं.

"साहेब, याच्यासाठी मला अर्ध्या दाढीवर उठवलंत?"

बावीस वर्षांची सवय, फेटाळ्यांचे डोळे आपोआप कामाला लागले होते. खुर्चीच्या बाजूला फळीवर कप होता, आणि त्यातल्या चहाची वाफ अजून येत होती. दाराखालची रबराची पट्टी खिळ्यांसकट उपटून, नीट गुंडाळी करून कुंडीत ठेवली होती. दारापासून खुर्चीपर्यंत ओल्या चपलांचे ठसे होते, चाकांचा माग मात्र कुठेच नव्हता. आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, चांगला मांडीच्या उंचीवर, एका चपलेचा अख्खा ठसा उमटला होता. त्यांनी वाकून पाहिला. डाव्या पायाचा होता. पायात जीव नसलेल्या बाईने त्याच पायाने भिंतीला रेटा देऊन फेटाळ्यांना न उघडलेलं दार उघडलं होतं, आत जाऊन चहा केला होता आणि परत येऊन पांघरूण घेतलं होतं.

इतका भक्कम पुरावा त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता. दोन वाक्यांचा अहवाल, आणि सोमवारी टीव्ही, रिमोट, खुर्ची, सगळं परत. त्यांनी सुताराला पाणी प्यायला आत पाठवलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

सासूबाईंनी आधी कपाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तीन आठवडे. तुम्ही खड्डे खणायला लागलात त्याच सुमाराला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतं ना." त्यांनी पांघरुणाची कड सरळ केली. "चौथा मजला आहे तिकडे. मुलगा वाईट नाही, सूनही वाईट नाही. सकाळी दोघं जातात, रात्री येतात. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते, आणि मी बसले की ते पडदा ओढून घेतात. इथे निदान तुम्ही असता चिडायला. मला करमतं."

आपल्यावाचून कोणाला करमत नाही, असं फेटाळ्यांना आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. ते भिंतीवरच्या ठशाकडे बघत राहिले.

तेवढ्यात पुढचं कुलूप उघडल्याचा आवाज झाला. बायको थेट मागे आली. आई डेकवर, नवरा चिखलात माखलेला, सुतार पहार घेऊन स्वयंपाकघरात. दार अडकलं होतं एवढं तिला कळलं, आणि ती नवऱ्यावर बरसणार तोच तिची नजर भिंतीकडे गेली.

"हा पाय कोणाचा?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सुताराने दारातून डोकावून भिंतीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि मग तो छत बघू लागला.

"माझा," फेटाळे म्हणाले. "दार ओढताना लावला."

बायकोने त्यांचा अनवाणी, चिखलाने भरलेला आठ नंबरचा पाय पाहिला, मग तो छोटासा ठसा पाहिला. आईचं पांघरूण नीट करत तिने फक्त विचारलं, "तुम्ही रोज इतकं बघता, तुम्हाला काय वाटतं? आई कधी चालायला लागेल?"

"मी नीट पाहणी केलीये," फेटाळे म्हणाले. "वर्षभर तरी नाही. त्यानंतर परत बघू."

सुतार जायला निघाला तेव्हा ते त्याच्या मागोमाग बोळापर्यंत गेले. फळ्यांमध्ये करवतीने फटी पाडता येतील का, असं त्यांनी विचारलं. येतील म्हणून त्याने सांगितलं. मग फेटाळ्यांनी आवाज खाली आणला.

"आणि अंगणाच्या बाजूने पायऱ्या करायच्यात."

"पायऱ्या? तुम्ही सांगताय?"

"घरात कोणी नसताना कोणाला खाली उतरावंसं वाटलं तर. रुंद करा. आणि डाव्या हाताला धरायला कठडा."

सुताराने मापाची पट्टी काढली. मागून डेकवरून आवाज आला, अगदी क्षीण.

"जावईबापू, हा चहा गार झाला हो. दुसरा करता का? मला मेलीला कुठे उठता येतंय."

फेटाळ्यांनी चड्डी मागून घट्ट धरली आणि ते चहा करायला गेले.