ब्रश स्वच्छता व जतन उपसमिती

गिरगावातल्या नवजीवन चाळीत दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या लाकडी जिन्याची सातवी पायरी एका सोमवारी मधोमध मोडली. व्यवस्थापक समितीने त्याच संध्याकाळी तातडीची सभा घेतली आणि परिस्थितीचं गांभीर्य ओळखून एकमताने ठराव केला, की सदर पायरीपाशी धोक्याचा फलक लावण्यात यावा.

काम दगडू घाडींकडे आलं. घाडींनी उभा जन्म लालबाग-परळच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. मग फ्लेक्स आले आणि त्यांचा हात रिकामा झाला. गेल्या नऊ वर्षांत कुणी साधं ‘येथे थुंकू नये’सुद्धा लिहून घेतलं नव्हतं. त्यामुळे सेक्रेटरी सोहोनी दारात आले तेव्हा घाडींना भरून आलं. त्यांनी ट्रंकेतून तीन ब्रश काढले. प्रत्येकाच्या केसांना खोबरेल चोळून, टोक चिमटीने सरळ करून, वर कागद गुंडाळलेला. केस अजून रेशमासारखे मऊ.

"माझ्या केसांक कधी इतक्या मायेन तेल लावलात काय?" त्यांच्या बायकोने, मीराबाईंनी विचारलं.

मंगळवारी घाडींनी पायरीपाशी ठोकलेल्या पत्र्यावर लाल रंगात ‘पायरी’ एवढं लिहिलं. री अशी काही वळली, की जिना उतरणारा वरच्या मजल्यावरचा दीपक बघतच राहिला आणि बघता बघता सातव्या पायरीत पाय अडकून त्याचा घोटा मुरगळला. जेवायची वेळ झाली म्हणून घाडींनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळले आणि सामायिक नळावर साबणाने धुतले.

टर्पेंटाइनचा वास मृणालिनीताई पेंडशांच्या खोलीत गेला. तासाभरात त्यांचा लेखी अर्ज आला. सोहोनी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले; अर्ज दिसला की त्यांच्या अंगात तरतरी येई. त्यांनी ‘ब्रश स्वच्छता व जतन उपसमिती’ नेमली आणि अध्यक्षपद मृणालिनीताईंना दिलं.

उपसमितीने अकरा नियम केले. ब्रश तीन पाण्यांनी, दोन साक्षीदारांसमक्ष धुवावा. आडवा वाळवावा, उभा ठेवल्यास पाणी दांड्यात मुरतं. त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, काचेच्या कपाटात कुलूपबंद करावा.

बुधवारी घाडी कपाटात गेलेले ब्रश मागायला ऑफिसात गेले.

"ओला आहे," सोहोनी म्हणाले. "ओला ब्रश देता येत नाही. नियम चार."

शुक्रवारी घाडी पुन्हा गेले. "आता तर खडखडीत वाळलाय."

"वाळलाय, पण धुतलेला आहे हे कशावरून? वापरण्यापूर्वी धुणं बंधनकारक. नियम सात."

"मग धुवा की!"

"धुतला की ओला होईल, घाडीबुवा."

पुढल्या आठवड्यात मृणालिनीताईंच्या घरातल्या आरोहीने त्या कपाटाचा रील टाकला. माटुंग्याहून एक मंडळ ब्रश बघायला आलं. ‘ब्रश आणि आपण’ या विषयावर मृणालिनीताईंनी पाऊण तास मार्गदर्शन केलं. मंडळी भारावून उतरताना सातव्या पायरीवर तिघे जण एकमेकांच्या अंगावर पडले. मात्र उठता उठता त्यांनी ‘पायरी’च्या सुबक अक्षराचं कौतुक केलं.

घाडींना राहवेना. "सोहोनीसाहेब, माझे ब्रश मला परत द्या. आयुष्य गेलंय माझं त्यांच्यावर."

"तुमचे? अहो, ते आता चाळीचा ठेवा आहेत. आणि तुम्ही त्यांनी रंगवणार! झिजतील ना ते!"

घाडी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.  मीराबाई म्हणाल्या, "बोटां आसत मा अजून? की तीपण कपाटात घातल्यानी?"

घाडी खुदकन हसले. उठले, रंगाचा डबा घेऊन जिन्यावर गेले, तर्जनी बुडवली आणि ‘पायरी’च्या पुढे एका दमात लिहिलं: ‘मोडली आहे. जपून!’ नऊ वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. मग चिंधीने बोट पुसून, हात खिशात घालून, शीळ घालत ते घरी जेवायला गेले.

संध्याकाळी नोटीस आली. रंगकामाचं साधन तीन पाण्यांनी न धुता, साक्षीदारांविना, ओलसर अवस्थेत खिशात ठेवल्याबद्दल खुलासा मागवला होता.

दुसऱ्या मजल्यावर भरलेल्या विशेष सर्वसाधारण सभेला अख्खी चाळ लोटली. दीपकसुद्धा काठी टेकत आला. बोट आडवं वाळवावं की उभं, यावर दोन तास खडाजंगी झाली. उभ्याच्या बाजूने तळमजल्यावरचे वसंतराव पोटतिडकीने बोलले, पण शेवटी आडव्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. घाडींनीही ठरावाला हात वर केला. फक्त तर्जनी तेवढी नियमाप्रमाणे आडवी धरली.

मग सगळे जण एकमेकांचा हात धरून, लहानांना कडेवर घेऊन, सातवी पायरी एका ढांगेत ओलांडत खाली उतरले.

एक फळी आणि चार खिळे लागतात, हे सभेत कुणीच बोललं नाही. हसू नका. ब्रश ओला की कोरडा, बोट आडवं की उभं, इथवर तुम्हीही मन लावून वाचत आलात. पायरी दुरुस्त करून टाका, असं तुम्हाला तरी एकदा वाटलं का?