तीन टप्प्यांत उठणारे साठेकाका

साठेकाका खुर्चीतून एकदम उठत नाहीत. आधी पुढे सरकतात. मग पावलं वरखाली हलवत मनातल्या मनात साठपर्यंत मोजतात. मग हात टेकून उभे राहतात आणि तिथंच आणखी थोडे थांबतात. सव्वीस जानेवारीला आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत झेंडावंदन असतं. राष्ट्रगीताला वेळेवर उभं राहता यावं म्हणून काका अध्यक्षांचं भाषण चालू असतानाच उठायला लागतात. यंदा अध्यक्षांना वाटलं, हे कंटाळून निघाले, आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं. सोसायटीवर काकांचा एवढा मोठा उपकार दुसरा नाही.

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. खडकीला एका कारखान्यात त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला, त्यामुळे माणूस दिसला की त्यांना आधी त्याचं प्रेशर दिसतं. रक्तदाबाचं मशीन पिशवीत घालूनच ते खाली उतरतात. बागेतल्या बाकावरून कुणी आजोबा झटकन उठायला लागले की म्हणतात, "बसा. वर जायची एवढी घाई आहे का?"

त्यांचा एक सिद्धांत आहे आणि तो त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येकाला ऐकवलाय. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. मग मूत्रपिंडातून हार्मोनचा निरोप सुटतो : नळ्या आवळा, मीठपाणी धरून ठेवा. "तरुणपणी हा निरोप्या सायकलवरून जातो," काका सांगतात. "सत्तरीनंतर तोच पायी निघतो, आणि वाटेत चहाला थांबतो." तहानेचंही तसंच. अंगातलं पाणी संपत आलं तरी म्हाताऱ्याला पाणी प्यावंसं वाटत नाही.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला कितीतरी वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या आहेत आणि शिकवलेलं मुळीच आवडत नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी इथं राहायला आलो, तेव्हापासून तिनं काकांचं नाव 'बॉयलर' ठेवलं होतं. जिन्यात ते दिसले की ती मुद्दाम भराभर चालायची.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी घरूनच ऑफिसचं काम करत होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, तशी आई गॅस बंद करायला पलंगावरून उठली आणि दारातच कोसळली. मी घाबरून वर फोन केला. काका आले. त्यांनी आईला सपाट झोपवून पायाखाली उशा दिल्या. ती नीट बोलायला लागल्यावर आधी झोपलेली असतानाच तिचा रक्तदाब घेतला, मग बसवून. दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, "हे डॉक्टरांना दाखवा. दोन्ही दाखवा." डॉक्टरांनी ते पाहून एक गोळी कमी केली. आपल्या मनानं मीठ बंद करू नका आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, असंही बजावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका विचारपूस करायला आले. मी सहज विचारलं, "तुम्हालाही अशीच चक्कर येते का?"

"मला? कधीच नाही."

"मग एवढं सावकाश का उठता?"

"सुमनला कुणी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. "मी तरी शिकून घेतलं."

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. त्यांचं प्रेशर वाढलेलं निघालं तसं काकांनी ते बॉयलरसारखं हातात घेतलं. लोणची, पापड घरातून गेले, आमटीतलं मीठ जवळजवळ बंद झालं, गोळी घड्याळावर. आकडा उतरला. काकांनी तो चारचौघांत मिरवला. मग मे महिन्यात एके सकाळी दूध उतू जायला लागलं म्हणून काकू धडपडत उठल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून त्या घरी आल्याच नाहीत. निरोप्याची गोष्ट काकांना डॉक्टरांनी तेव्हा सांगितली.

"मी रोज बसवूनच मोजत होतो," काका म्हणाले. "उभं करून एकदाही मोजलं नाही."

मग त्यांनी उरलेलंही सांगितलं. काकूंना त्याआधी तीन आठवडे चक्कर येत होती. शेजारणीला त्या बोलल्या होत्या, काकांना नाही. "मी ओरडेन म्हणून. ओरडायचोच मी. चोरून काही खाल्लंस का, असं विचारलं असतं."

पलंगावर टेकून बसलेली आई म्हणाली, "मलाही महिनाभर येत होती. मी हिला सांगितलं नाही."

काकांनी विचारलं, "का?"

"ही दिवसभर कामात असते. उगाच हिच्या जिवाला घोर."

"भीतीनं नाही?"

"भीती कसली. आपल्या माणसाला त्रास नको वाटतो, एवढंच. त्यांनाही तेच वाटलं असणार."

"खरं सांगताय?"

"खोटं बोलायचं वय राहिलंय का माझं?"

काकांनी चष्मा काढून हातात धरला आणि मान खाली घातली. आईनं मला डोळ्यांनीच आत जायला सांगितलं. मी गेले, आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी राहिले.