आधी तळ, मग फासळ्या

यंदा सासऱ्यांना वाढदिवसाला दुकानातली वस्तू द्यायची नाही, असं मी ठरवलं तेव्हा मी दाढी करत होतो. (माझे बहुतेक वाईट निर्णय तोंडाला फेस असतानाच झालेले आहेत. लग्नाला होकारही तसाच दिला होता, पण हे बायकोला सांगू नका.)

सासरे उभी हयात जहाजांवर इंजिनीअर होते. निवृत्त झाले तरी नजर इंजिनरूममधलीच राहिली. मी दिलेल्या घड्याळाचा सेकंदकाटा त्यांना अडखळताना दिसला. छत्रीची एक काडी वाकडी निघाली. चपला दिल्या, तर त्यांनी त्या उलट्या करून तळाशी बोट फिरवलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ बायकोने मला घरी आल्यावर सांगितला.

"बाबा म्हणतात, माणूस सरळ आहे, पण हातात कसब नाही."

हे मला लागलं. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे. हातात कसब असतं तर खात्याने मला ठेवून कशाला घेतलं असतं? पण तरी लागलं. एकदा तरी त्या माणसाने माझ्या हातची वस्तू उचलावी आणि "वा" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"मी बाबांना जहाज करून देणार," मी जाहीर केलं.

"कसलं जहाज?"

"लाकडी. जुनं डच मालवाहू. शिडांचं."

"तुम्हाला परवा खुंटी ठोकायला सांगितली होती."

"मग?"

"मग भिंतीला भोक आहे आणि खुंटी नाही."

अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. जहाजाचा खोका घरी आला. आत जहाजाचा लांब कणा, लाकडाच्या पातळ पट्ट्या, दोरे, शिडांचं कापड आणि नंबर घातलेल्या, चकत्यांसारख्या चपट्या फासळ्या. कण्यावर फासळ्या उभ्या करा, त्यांवर पट्ट्या चिकटवा, झालं जहाज. आमच्या साहेबांनासुद्धा जमलं असतं. पण मी म्हटलं, आधी थोडा अभ्यास करू. तिथेच घोळ झाला.

इंटरनेटवर मला जुन्या डच जहाजांच्या मॉडेलवाल्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे माणसं एका खिळ्याच्या डोक्यावरून आठवडाभर भांडतात. वातावरण अगदी आमच्या ऑफिससारखं, त्यामुळे मी लगेच रमलो. त्यांतल्या एका म्हाताऱ्या डच सुताराशी माझं सूत जुळलं. मी त्यांना डच काका म्हणायला लागलो. (त्यांना हे माहीत नाही.)

काकांनी विचारलं, "फासळ्या आधी बसवणार की नंतर?"

मी कळवलं, खोक्यावर आधी लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी काकांचं उत्तर आलं. त्या काळी त्यांच्याकडचे कारागीर आधी तळाच्या फळ्या एकमेकींना जोडायचे, त्या मोठाल्या चिमट्यांनी आवळून धरायचे आणि तळाला आकार आला की मग आत फासळ्या घालायचे. खोकेवाल्यांनी सगळं उलटं केलं होतं! उद्या सासऱ्यांनी आत टॉर्च मारून विचारलं असतं की फासळ्या आधी का बसवल्या, तर मी काय तोंड दाखवलं असतं?

मी फासळ्या बाजूला सारल्या.

"या चकत्या नकोत ना तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"सध्या नकोत."

"मग वॉशिंग मशीनच्या पायाखाली घालते. कपडे पिळताना पार दारापर्यंत चालत येतं ते."

"घाल, घाल," मी उदारपणे म्हणालो.

आता प्रश्न चिमट्यांचा. विचार करत मी गॅलरीत गेलो आणि समोर तारेवर ते रांगेने बसलेले दिसले. वाळत घातलेल्या कपड्यांवरचे सगळेच्या सगळे चिमटे मी काढून आणले. पट्ट्या आंघोळीच्या बादलीत भिजवल्या, किटलीच्या वाफेवर वाकवल्या आणि चिमट्यांनी आवळल्या. त्याच दुपारी वारा सुटला आणि माझा ऑफिसचा निळा शर्ट समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. तो अजून तिथेच आहे. कामावर जाताना आमची रोज नजरानजर होते.

जेवणाचं टेबल जहाजाने अडवलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो.

"याचं पोट इतकं सुटलेलं का आहे?" बायकोने विचारलं.

"ही जहाजं तशीच असायची. खाली गोल, वर निमुळती. जास्त माल मावतो."

तिने जहाजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक पोळी वाढली.

गोंद मी लावला नव्हता. काकांनी बजावलं होतं की फळ्यांच्या सांध्यांवर तात्पुरते लाकडी तुकडे ठोकायचे, गोंदाचं नाव काढायचं नाही. पण ते तुकडे कोणत्या लाकडाचे, यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडले आणि मी निकालाची वाट पाहत बसलो. तेवढ्यात वाढदिवस उजाडला.

सकाळी बाथरूममधून बाहेर आलो, तर बायको गॅलरीत धुतलेले पडदे वाळत घालत होती. तिच्या हातात चिमटे होते.

"कुठले घेतलेस?" मी टॉवेल सावरत विचारलं.

"जहाजाच्या मागचे घेतलेत, थोडेसेच. बाबा येणार आणि खिडक्या उघड्या ठेवू का?"

मी धावलो. पहिली पट्टी माझ्यादेखत सुटली आणि दिव्यावर आपटली. दुसरी कानाला चाटून गेली. मग उरलेलं जहाज कूस बदलल्यासारखं हललं आणि टेबलावर सावकाश उघडत गेलं. मी दोन्ही हातांनी ते पोटाशी धरलं आणि ओरडलो, "गोंद!"

"काका नको म्हणाले ना?"

"काका खड्ड्यात गेले! गोंद आण!"

अख्खी बाटली ओतली. गोंद सांध्यात गेला, माझ्या बाहीत गेला, चिमट्यांवर गेला. वाळला तेव्हा टेबलावर एक पसरट, कलतं, वाडग्यासारखं काहीतरी उभं होतं आणि त्याच्या काठाला चिमटे कायमचे चिकटले होते. मला खरोखर रडू येत होतं. तेवढ्यात बेल वाजली.

सासरे आत आले, थेट टेबलापाशी गेले, ती वस्तू उचलली, उलटी केली आणि तळाशी बोट फिरवलं. मी "हं"ची वाट पाहू लागलो.

"हे तुम्ही केलंत, जावईबापू?"

"हो. म्हणजे ते..."

"वा!" सासरे म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. तीही माझ्याकडे पाहत होती.

"चिमटे ठेवायची टोपली! फळ्या वाकवल्यात कशा?"

"वा... वाफेवर."

"आणि काठावर नमुन्याला चिमटेसुद्धा लावलेत." त्यांनी एक ओढून पाहिला. "पक्के बसवलेत. अगं, मी उगाच म्हणत होतो. यांच्या हातात कसब आहे हो!"

जन्म जहाजांवर काढलेल्या माणसाला ते जहाज असल्याचा संशयसुद्धा आला नव्हता. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं. ऊर मात्र भरून आला होता, ते काही खोटं नव्हतं.

सासरे टोपली घेऊन जागा बघायला गॅलरीत गेले. तिथे मशीन कपडे पिळत होतं आणि तसूभरही हलत नव्हतं. त्यांनी खिशातून टॉर्च काढला, वाकले आणि मशीनच्या पायांखाली पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी," बायको म्हणाली.

"वाटलंच." ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणत म्हणाले, "जावईबापू, राग मानू नका, पण जाणकार म्हणून एक सांगतो. तिथे खाली आहेत ना, तशा चकत्या आधी उभ्या करून त्यांवर फळ्या ठोकल्या असत्यात, तर टोपली अशी कलली नसती. अगदी जहाजासारखी दिसली असती."